सॉफ्टवेअर बदलावे की वहीच बरी?

प्रश्न : परळच्या एका पतसंस्थेत मी व्यवस्थापक आहे. दोन वर्षांपूर्वी घेतलेल्या सॉफ्टवेअरमध्ये दैनंदिन ठेवींचा हिशेब वारंवार चुकतो, म्हणून आमचे ज्येष्ठ रोखपाल प्रत्येक नोंद आधी वहीत करतात आणि मगच संगणकात भरतात. काही संचालक म्हणतात, एवढा पैसा घातला आहे, तर हेच चालवू. काहींना शेजारच्या संस्थेसारखे मोबाइल अ‍ॅप हवे आहे. निर्णय कसा घ्यावा?

उत्तर : रोखपालांना कोणी हटवादी म्हणत असेल, तर ते मला अन्यायाचे वाटते. हातचे गमावण्याचे दुःख तेवढेच नव्याने मिळण्याच्या आनंदापेक्षा अधिक बोचते, हे मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडले. पुढे त्यांनीच केलेल्या मोजणीत दुःखाचे हे वजन आनंदाच्या दुपटीहून थोडे अधिक भरले. नव्या प्रणालीचा लाभ संस्थेला होणार, पण संध्याकाळी रोकड जुळली नाही तर जाब रोखपालांना द्यावा लागणार, मग त्यांनी वही का सोडावी? शिवाय त्यांच्या वहीत सॉफ्टवेअर नेमके कुठे चुकते याचा दोन वर्षांचा पुरावा आहे, तो आधी वाचा.

‘एवढा पैसा घातला’ हा युक्तिवाद मात्र मनातून काढावाच लागेल. आर्क्स आणि ब्लूमर या संशोधकांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, नाटकांच्या हंगामी तिकिटांसाठी पूर्ण किंमत मोजलेल्यांनी हंगामाच्या पहिल्या निम्म्या काळात, सवलतीत तिकीट मिळालेल्यांपेक्षा जास्त नाटके पाहिली. नाटके तीच होती, फरक फक्त खिशातून गेलेल्या रकमेचा होता. आपल्या संचालकांचेही तेच होते आहे. गेलेला पैसा कोणत्याही निर्णयाने परत येणार नाही, म्हणून त्यांना एवढेच विचारा की आज आपल्याकडे काहीच नसते, तर हेच सॉफ्टवेअर आपण विकत घेतले असते का?

अ‍ॅपबद्दल थोडक्यात सांगतो. शेजाऱ्यांनी ते आणले, यावरून आपल्या ठेवीदारांना ते हवे आहे हे सिद्ध होत नाही. रोजची रक्कम प्रतिनिधीच्या हाती देणाऱ्या भाजीवाल्या मावशींना काय सोयीचे, हे त्यांनाच विचारावे.

सभेत अध्यक्ष आधी बोलले की बाकीच्यांच्या माना डोलतात, हा आपल्याकडचा सार्वत्रिक अनुभव आहे. म्हणून प्रत्येक संचालकाचे मत चर्चेपूर्वीच कागदावर घ्या. नवी प्रणाली घ्यायचे ठरलेच, तर पहिले तीन महिने ती एकाच खिडकीवर चालवा आणि किती दिवस रोकड न जुळल्यास ती थांबवायची, हे करार करण्याआधीच ठरावात लिहून ठेवा, कारण पैसे भरल्यानंतर तो आकडा हमखास वाढवला जातो. वही बंद करण्याची तारीख मात्र रोखपालांनाच ठरवू द्या.