शाळेत रोबोटिक्स शिकवायचं, पण कोण म्हणून?

प्रश्न : मी बी.एस्सी. फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. कळव्यातल्या एका शाळेच्या मेकर क्लबमध्ये शनिवारी सहावी ते आठवीच्या मुलांना स्क्रॅच (चित्रांचे ठोकळे जोडून प्रोग्रॅमिंग) आणि आर्डुइनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड) शिकवते. प्रदर्शनात मुलांचा रेषेवर चालणारा रोबो वर्गाबाहेर उन्हात भरकटला, मुलं रडवेली झाली, मग मीच कोड बदलून दिला. आता शाळांना रोबोटिक्सचे शिक्षक पुरवणारी एक कंपनी नोकरी देतेय. बाबा म्हणतात, हे करिअर नव्हे, रबाळे-महापेला एखाद्या कंपनीत नोकरीला लाग. काय करू?
– एक विद्यार्थिनी, कळवा

उत्तर : बाबांची काळजी मला पटते, पण ती कामाबद्दल नको, नेमणुकीबद्दल हवी. काम तर वाढतंच आहे. अटल टिंकरिंग लॅबची, म्हणजे शाळेतल्या रोबोटिक्स-इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रयोगशाळांची, केंद्र सरकारची योजना 2016 मध्ये आली, सहावी ते बारावीच्या मुलांसाठी, शाळेला 20 लाख रुपयांपर्यंत अनुदान. 2025 च्या अर्थसंकल्पात सरकारी शाळांसाठी पाच वर्षांत 50 हजार लॅब जाहीर झाल्या. पण किट आलं म्हणजे शिकवणारं माणूस आलं असं होत नाही, आणि शाळा ती जागा बाहेरच्या कंपनीकडून भरून घेते तेव्हा करार संपला की शिक्षकाचं कामही संपतं.

म्हणून माझं स्पष्ट मत : तू आधी विज्ञानाची शिक्षिका हो. बी.एड.ची सीईटी दे, दोन वर्षांचं बी.एड. कर. आठवीपर्यंतच्या वर्गांसाठी टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) लागते, आणि पालिका-जिल्हा परिषदेच्या शाळांत जायचं तर शिक्षक अभियोग्यता चाचणी देऊन राज्य सरकारच्या पवित्र पोर्टलवरून भरती होते. वाट लांबची आहे, पण एकदा शाळेत पाय रोवलास की क्लब तुझा, तो कुणाच्या करारावर अवलंबून नाही.

फिजिक्स इथे तुझी खरी ताकद आहे. अल्ट्रासॉनिक सेन्सरचंच बघ, आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून अंतर मोजणारा. प्रतिध्वनी परत यायला लागलेला वेळ आर्डुइनो 1160 मायक्रोसेकंद दाखवतो, मुलं त्याला 58 ने भागतात, उत्तर 20 सेंटिमीटर. आठवीतली एखादी मुलगी विचारणारच, ‘ताई, हे 58 आलं कुठून?’ नुसतं किट जोडायला शिकलेला माणूस ‘सूत्रच आहे तसं’ म्हणून पुढे जाईल. तू मात्र आवाजाचा वेग फळ्यावर मांडशील, एक सेंटिमीटर कापायला साधारण 29 मायक्रोसेकंद लागतात हे त्यांच्याकडूनच काढून घेशील, आणि आवाज जाऊन परत येतो म्हणून दुप्पट, हे वर्गातून कुणीतरी ओरडून सांगेल. ही तासिका कुठल्याही किटच्या पुस्तिकेत मिळत नाही.

आता त्या प्रदर्शनाबद्दल. कोड तू बदलायला नको होतास. तुमच्या रोबोचा आयआर (इन्फ्रारेड) सेन्सर जमिनीवरून परत येणारा अवरक्त प्रकाश मोजतो. पांढऱ्यावरून तो जास्त परततो, काळ्या पट्टीवरून कमी. उन्हातही अवरक्त प्रकाश भरपूर असतो, त्यामुळे त्याला पांढरं-काळं कळेनासं होतं. एकाला सेन्सरवर सावलीसाठी पुठ्ठा धरायला सांगायचं, दुसऱ्याला सिरियल मॉनिटरवरचे, म्हणजे कॉम्प्युटरच्या पडद्यावर दिसणारे सेन्सरचे, आकडे वाचायला लावायचं, आणि आपण गप्प राहायचं. आकडे बदलताना दिसले की सातवीतलं पोरही कारण सांगतं. मुलं रडवेली असताना हात आवरणं फार कठीण आहे, मला माहीत आहे. पण या पेशात तुला सगळ्यात आधी हेच शिकायचंय, आणि बी.एड.च्या पाठांच्या सरावात त्यावर जाणत्या शिक्षकांची नजर राहते.

कंपनीची नोकरी वर्षभर जरूर कर, सीईटीचा अभ्यास चालू ठेवून. वेगवेगळ्या शाळा बघायला मिळतील. फक्त सही करण्याआधी कंपनीला हे प्रश्न विचार : दिवसाला किती शाळा, एका किटवर किती मुलं, जळलेल्या मोटरचे पैसे कुणाच्या खिशातून? कळव्याहून पनवेलपर्यंत पाठवणार असतील तर प्रवासखर्च कोण देणार? आणि एप्रिल-मेचा पगार मिळणार की नाही, हे नेमणूकपत्रातच लिहून घे.