"ताई, बाबांना सीबीटीच द्या ना"

नैराश्यावर सगळ्यात चांगली थेरपी कोणती, हा प्रश्न आता यवतमाळकडच्या खेड्यांतूनही येतो. विचारणारा बहुतेकदा शहरात नोकरी करणारा मुलगा असतो. अशाच एकाचा फोन होता, "ताई, बाबांना सीबीटीच द्या ना. तुम्ही तर नुसतं कामाला लावताय." सीबीटी म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी, बोलण्यातून विचार आणि वागणं बदलायचा उपचार.

त्याचे वडील पन्नाशीपुढचे (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). बोंडअळीनं कपाशी गेली आणि काकाजींनी वावरात जाणंच सोडलं. पहिल्या भेटीत म्हणाले, "बोलून काय होते जी?" जिवाचं बरंवाईट करायचे विचार येतात का, हे मी सरळ विचारलं. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरतो, ही भीती खोटी आहे. येत होते. त्याच दिवशी फवारणीचं औषध घरातून हलवायला लावलं आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर काकूंच्या मोबाइलमध्ये टाकला. जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचारतज्ज्ञांनी गोळ्या सुरू केल्या.

मग बोलणं. सीबीटीत 'माझ्यानं काहीच होत नाही' अशा विचारांची तपासणी होते, आणि त्यात लिहिणं बरंच असतं. काकाजींना पेन धरायचाच कंटाळा. म्हणून मी दुसरी पद्धत घेतली, बिहेवियरल ॲक्टिव्हेशन. मन लागायची वाट न पाहता आधी छोटं काम सुरू करायचं, मन मागून येतं. काकू रोज रात्री कॅलेंडरवर खूण करायच्या. जड दिवसाला फुली, हलक्या दिवसाला गोल. महिना उलटल्यावर ते पान घेऊन आम्ही तिघं बसलो. गोल पडले होते ते बहुतेक सकाळी गोठ्यात गेल्याच्या दिवशी. काकाजी एकेका गोलावर बोट ठेवत गेले. "बैलाइले चारा टाकतो त्या दिवशी बरं वाटते."

ही पद्धत सीबीटीपेक्षा कमी दर्जाची नाही, हे मी मुलाला सांगितलं. इंग्लंडमध्ये ४४० रुग्णांवर दोन्हींची तुलना झाली. २०१६ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या त्या अभ्यासात वर्षभरानंतर हिचा गुण सीबीटीपेक्षा उणा ठरला नाही. गोव्यात तर प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये प्रशिक्षण दिलेल्या साध्या स्थानिक माणसांनी ६ ते ८ भेटींत हिच्यावरच बेतलेले उपचार केले, आणि नुसत्या नेहमीच्या उपचारांपेक्षा लोकांना जास्त आराम पडला. नावाजलेल्या थेरपींमधला फरक एकूण थोडाच निघतो. माझ्या मते माणूस भेटी पुऱ्या करू शकतो का, हे आधी बघावं. मजुरी बुडवून एसटीनं तालुक्याला यावं लागलं, की चांगल्यातली चांगली थेरपी अर्ध्यावर सुटते.

दुखणं नात्यात अडकलेलं असेल, तर मात्र इंटरपर्सनल थेरपी कामी येते. तिचा सगळा भर त्या नात्यावरच असतो. काकाजींचा सख्खा भाऊ सामाईक विहिरीच्या पाळीवरून त्यांच्याशी बोलत नाही, हे फार उशिरा बाहेर आलं. सध्या आमची तालीम चालली आहे. मी भाऊ होते आणि काकाजी पहिलं वाक्य बोलून बघतात. दिवाळीला मुलगा गावी येईल, तेव्हा दोघा भावांना एकत्र बसवायचं ठरलं आहे.