रंधा नेमका कुठे अडतो?

वाचकांचे प्रश्न : हातहत्यारांचं सुतारकाम

प्रश्न : वडिलांचा जुना लाकडी रंधा माझ्याकडे आला आहे. सागवानी फळ्यांवर तो काही ठिकाणी छान चालतो, मध्येच अडकतो आणि लाकडाचे टवके उडतात. नवीन पातं बसवू, की सरळ इलेक्ट्रिक रंधा घेऊ?

उत्तर : दोन्ही नको. थोडा तरी भाग छान तासला जातोय, म्हणजे रंधा चांगला आहे. त्याला तुमच्याकडून दोन गोष्टी हव्यात.

पहिली म्हणजे लाकडाचा रेषा, म्हणजे त्यातल्या तंतूंची दिशा, ओळखणं. फळी उभी धरा आणि तिची कड बघा. तंतू कडेला समांतर क्वचितच असतात, कुठल्या तरी बाजूला चढत जातात. ते ज्या दिशेला वर चढतात, त्याच दिशेला रंधा मारायचा. उलट मारलात तर पातं तंतूंच्या खाली घुसतं आणि धार पोचायच्या आधीच ते उपटून काढतं. टवके उडतात ते असे. गाठीच्या आसपास तर रेषा एकाच फळीत दोनदा दिशा बदलतो. तिथे मी फळी फिरवून घेते, दोन्ही बाजूंनी गाठीकडे तासत येते आणि शेवटचे हात रंधा जरा तिरका धरून मारते. शाळकरी वयात ज्या सुतारकाकांकडे मी शिकले, ते रंधा हातात देण्याआधी फळीवर खडूनं रेषाचा बाण काढायला लावत. तो बाण मी अजूनही काढते.

दुसरी गोष्ट धार. सागात वाळूसारखी सिलिका असते, त्यामुळे धार पटकन मरते. दुपारभर काम असेल तर मध्ये थांबून पातं निसण्यावर, म्हणजे धार लावायच्या दगडावर, घ्यावंच लागतं. आधी पात्याची सपाट बाजू धारेजवळ अगदी आरशासारखी करा. हे काम कंटाळवाणं आहे, पण नीट केलं तर पुन्हा सहसा करावं लागत नाही. मग दुसऱ्या, तिरक्या बाजूचा उतार साधारण 25 अंशांचा ठेवून फक्त टोकाला 30 अंशांची बारीक धार द्या. सपाट बाजूला बोटाला खरखर जाणवली की उतार पुरेसा घासला गेला. ती खरखर बारीक निसण्यावर दोन्ही बाजूंनी हलकेच उतरवा. धार तपासायला मऊ लाकडाच्या आडव्या कापलेल्या टोकावरून पातं दाबून चालवा. काप गुळगुळीत निघाला तर झालं, भुसा निघाला तर परत निसण्यावर.

पात्याच्या सपाट बाजूवर स्क्रूनं बसवलेली दुसरी लोखंडी पट्टी असेल, तर ती धारेपासून जेमतेम अर्धा मिलिमीटर मागे आणा. निघणारा पापुद्रा ती लगेच वाकवते, म्हणून तो पुढचं लाकूड उपटत नाही. पातं रंध्याच्या तळातून जास्त बाहेर काढायचं तर त्याच्या डोक्यावर हलका ठोका, आत घ्यायचं तर रंध्याच्या मागच्या टोकावर. दर वेळी पातं धरून ठेवणारी पाचर पुन्हा घट्ट करा. आणि जुन्या फळ्या असतील तर आधी लोहचुंबक फिरवाच. आत मोडलेला एक खिळा सगळी मेहनत क्षणात वाया घालवतो.

नीट लागलेल्या रंध्याचा आवाज एकदा ऐकलात की इलेक्ट्रिक रंध्याचा विचार तुम्ही स्वतःच सोडाल, याची मला खात्री आहे.

प्रश्न : चार फळ्या डिंकानं जोडून टेबलाचा माथा केला आणि खालच्या चौकटीला स्क्रूनं पक्का आवळला. काही महिन्यांत मधोमध फट पडली. डिंक कमी पडला का?

उत्तर : डिंकाचा दोष नाही. लाकूड हवेतल्या ओलाव्यानुसार रुंदीत फुगतं आणि आकसतं. लांबीत जवळपास नाहीच. साग त्यातल्या त्यात शांत, तरी साठ सेंटिमीटर रुंदीचा माथा कोरड्या आणि दमट दिवसांत चार-पाच मिलिमीटर सहज हलतो. त्याला हलायला जागा नसेल तर तो तडकतो. सगळे स्क्रू काढा. मधले तसेच बसवा, कडेच्या स्क्रूंसाठी चौकटीतली भोकं माथ्याच्या रुंदीच्या दिशेनं लांबट करा. फट लगेच भरू नका. माथा मोकळा झाल्यावर ती किती मिटते ते बघा, मग उरेल तेवढ्या जागेत त्याच लाकडाची पातळ चीप बसवा.

प्रश्न : वय सत्तर. मनगट दुखतं. हा छंद सोडावा का?

उत्तर : अजिबात नाही. दुखणं डॉक्टरांना दाखवा आणि कामाची पद्धत बदला. रंधा मारायचं टेबल इतक्या उंचीचं हवं, की उभं राहून हात सैल सोडल्यावर तळवा त्यावर टेकेल. मग जोर मनगटाऐवजी पायांतून आणि कमरेतून येतो. पापुद्रा पातळ काढा, जास्त वेळा रंधा मारावा लागला तरी चालेल. करवतीनं मनगटावर ताण येत असेल तर ओढताना कापणारी जपानी करवत वापरून बघा. तिचं पातं पातळ असतं आणि जोर कमी लागतो. पटाशीचं काम छोट्या लाकडी मोगरीनं करा, तळहातानं ठोकू नका.