ठेवीदाराशी नाते, असल्यास

प्रश्न : ताई, मी 27 वर्षांची आहे. गाव तासगाव तालुक्यातलं, नोकरी मिरजेत, एका खासगी रुग्णालयात सिस्टर म्हणून. मला मुली आवडतात हे नववीपासून कळतंय, पण आजवर कुणाला बोलले नाही. एकटी असतानाही तो शब्द तोंडातून निघत नाही. येत्या रविवारी जयसिंगपूरची माणसं बघायला येणार आहेत. मुलगा शिक्षक आहे, आणि खरंच चांगला वाटतो. आई परवा म्हणाली, "मनात कोण असेल तर आत्ताच सांग, नंतर आमची शोभा नको." मी नाही म्हणाले. तसं कोणी नाहीच, म्हणजे खोटं नाही बोलले. मावशीला थोडा संशय आहे. ती म्हणते, ओळखीचे एक डॉक्टर आहेत, त्यांच्या गोळ्यांनी अशा मुली सुधारतात. लग्न करून टाकलं तर होईल का सवय? की आईला सांगू? आणि सांगायचं तर कुठल्या शब्दांत?
— नाव छापू नका, जि. सांगली

उत्तर : अगं, हा अंक तुझ्या हातात पडेल तेव्हा तो रविवार होऊन गेलेला असेल. पत्रावर पत्ता दिला नाहीस हे शहाणपणाचं केलंस, पण त्यामुळे मला आधी कळवता आलं नाही. कांदेपोहे झाले असतील तर होऊ देत. होकार तेवढा कळवू नकोस.

सवय कशाचीही होते. माझं अडतंय ते त्या शिक्षकापाशी. तो खरंच चांगला वाटतो असं तूच लिहिलंस. मग त्याच्या वाट्याला हे का? 1990 साली मी फलटणच्या एका स्थळाला हो म्हणून बसले होते. साडीचा रंगसुद्धा ठरला होता. पत्रिका जुळली नाही म्हणून मोडलं. पत्रिकेचे माझ्यावर तेवढेच उपकार. त्या माणसाचा पुढे चांगला संसार झाला, आणि त्याची आठवण आली की अजून मला हायसं वाटतं.

मी कराडची. ठाण्याला राहून बँकेत नोकरी केली, आता 61 वर्षांची आहे. शब्दाचं म्हणशील तर तो मला वडिलांच्या तोंडून मिळाला. 1998 चा डिसेंबर, मी रजेवर घरी गेले होते. दोन बायकांच्या प्रेमावरच्या एका सिनेमावरून मुंबईत थिएटरांची तोडफोड झाली होती. वडील पेपर मोठ्यांदा वाचत होते. 'लेस्बियन' या शब्दाशी ते अडखळले, पुन्हा वाचला, चष्मा काढून पुसला आणि आईला म्हणाले, "असलं काही आपल्यात नसतं." त्यांच्यापासून हातभर अंतरावर मी चहात पाव बुडवत बसले होते. पाव तुटून कपात पडला. मी 34 वर्षांची होते, आणि माझ्यासारख्यांसाठी काही शब्द आहे हे तेव्हा कळलं. मुंबईत बायकांचा 'स्त्री संगम' नावाचा गट 1995 पासून होता, पुढे त्याचाच 'लाबिया' झाला. मी रोज ठाण्याहून लोकलने फोर्टला जायचे, पण त्यांचा पत्ता लागायला मला आणखी किती तरी वर्षं लागली.

त्या तोडफोडीच्या पुढच्याच वर्षी माझी ती भेटली. शाळेत चित्रकला शिकवायची.

मी पहिल्यांदा सांगितलं ते आईला नाही, आमच्या हेडकॅशियर बाईंना. साल 2001. स्ट्राँगरूमच्या दोन किल्ल्या असतात, एक त्यांच्याकडे, एक माझ्याकडे. संध्याकाळी कॅश आत ठेवताना आम्ही दोघीच. मला काय झालं कोण जाणे, म्हणाले, "बाई, मला पुरुषांत रस नाही." त्या म्हणाल्या, "थांब, शंभराचं एक पाकीट कमी येतंय." पाकीट ट्रेच्या मागे पडलेलं सापडलं. तिजोरी लागली, रजिस्टरवर दोघींच्या सह्या झाल्या, आणि मग बाईंनी विचारलं, "मग कुणात आहे?" मी सांगितलं. "ती डबा घेऊन येते ती का?" म्हणाल्या. एवढंच. त्या रात्री मला लोकलमध्ये बसायला जागा मिळाली होती, तरी मी दारात उभी राहून घरी आले.

म्हणून सांगते, सुरुवात आईपासून करू नकोस. जिच्या होकार-नकाराने तुझं घर जाणार नाही अशा कुणाला तरी आधी सांग. ड्यूटीवरची एखादी सिस्टर असेल, जुनी मैत्रीण असेल. शब्द एकदा तोंडातून निघाला की जीभ सरावते.

आणि आईला सांगण्याआधी एक काम कर. तुझी मूळ प्रमाणपत्रं, नर्सिंग कौन्सिलची नोंदणी, आधार, पासबुक हे सगळं गावच्या कपाटातून मिरजेला घेऊन ये. तीन महिन्यांच्या भाड्याइतके पैसे तुझ्या एकटीच्या नावावरच्या खात्यात असू देत. बँकेतली बाई बोलतेय म्हणून हसू नकोस. रागाच्या भरात घरचे मारतीलच असं नाही, पण कपाटाला कुलूप लावतात, हे मी पाहिलंय.

डॉक्टरांचं. मावशीला सांग, जागतिक आरोग्य संघटनेने 1990 सालीच हे आजारांच्या यादीतून काढलं. मदुराईच्या दोन मुली घरच्यांच्या भीतीने चेन्नईला पळून आल्या आणि मद्रास उच्च न्यायालयात गेल्या. न्यायमूर्ती आनंद व्यंकटेश यांनी निकाल द्यायच्या आधी, आपल्याला या विषयातलं पुरेसं कळत नाही असं मोकळेपणाने मान्य केलं आणि स्वतः मानसशास्त्रज्ञापुढे जाऊन बसले. 2021 च्या त्या आदेशाच्या मागोमाग, 2022 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने असली 'सुधारणा' करणं हे डॉक्टरचं गैरवर्तन ठरवलं. तू स्वतः रुग्णालयात काम करतेस. औषधाच्या चिठ्ठीवर निदान काय लिहिणार, एवढंच त्या डॉक्टरांना विचार.

कायद्याची भीती असेल तर तीही नको. सर्वोच्च न्यायालयाने 6 सप्टेंबर 2018 रोजी असे संबंध गुन्हा ठरवणाऱ्या 377 कलमातून आपल्याला सोडवलं. लग्नाचा हक्क मात्र ऑक्टोबर 2023 च्या निकालात मिळाला नाही, हेही तुला माहीत असू दे. पण 27 वर्षांच्या बाईला तिच्या मनाविरुद्ध कुणी बोहल्यावर चढवू शकत नाही, घरात कोंडूनही ठेवू शकत नाही.

आता आईचं. 'समलिंगी' म्हणशील तर तिला पेपरातली बातमी आठवेल. लेस्बियन म्हणशील तर परदेश. घरच्या बोलीत सांग : "आई, मला लग्न करायचंय की नाही हा प्रश्नच नाही. मला बाईमाणूसच आवडतं, पहिल्यापासून. तुझं काही चुकलं नाही." शेवटचं वाक्य विसरू नकोस, कारण ती रात्रभर तेच शोधत बसणार आहे, की कुठं चुकलं. आणि तिने तुला विचारलंय हे लक्षात घे. माझ्या आईने कधीच विचारलं नाही.

मी तिला 2004 साली सांगितलं, कराडला, माजघरात. ती गहू निवडत होती. निवडायची थांबली नाही. मी परत आले आणि अकरा महिने फोन नाही. मी केला तर वडील उचलायचे, "बरी आहेस ना" एवढं विचारून ठेवून द्यायचे. मग एके दिवशी दुपारी ब्रँचमध्ये फोन आला. काउंटरवर ही रांग. आई म्हणाली, "कासारीण आलीय दारात. तिच्या बांगड्यांचं माप काय?" मला कळेना, कुणाच्या. "तुझ्या त्या मास्तरीणबाईचं." सव्वादोन, मी म्हणाले. "तुझंच की," म्हणाली आणि फोन ठेवला. पार्सलमध्ये दोन डझन हिरव्या बांगड्या आल्या, वाटेत पाच फुटल्या होत्या.

भाऊ अजून बोलत नाही. 2019 मध्ये भाचीच्या लग्नाची पत्रिका आली ती माझ्या एकटीच्या नावाने. रागाने मी गेलेच नाही. जायला हवं होतं, असं हल्ली वाटतं. भाचीचा काय दोष? हे तुझ्यापासून लपवत नाही, कारण सगळी माणसं परत येतात असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नकोस.

स्वतःला स्वीकारण्याचं म्हणशील तर माझ्या बाबतीत ते फार हळू झालं, आणि बरंचसं फॉर्म भरताना झालं. नॉमिनेशनच्या अर्जात एक रकाना असतो, 'ठेवीदाराशी नाते, असल्यास'. नोकरीत असे हजारो अर्ज मी तपासले. 2003 साली आम्ही दोघींनी जॉइंट खातं उघडलं, कायद्याने तेव्हाही अडचण नव्हती. माझ्या ठेवीला तिला नॉमिनी लावताना मी त्या रकान्यात 'मैत्रीण' लिहिलं. 2011 मध्ये तिच्या ऑपरेशनच्या वेळी रुग्णालयाच्या कागदावर 'मावसबहीण' लिहिलं, आणि ती आत टेबलावर असताना बाहेर बाकावर बसून मला त्या एका शब्दाची लाज वाटत राहिली. आत काय चाललंय याची काळजी सोडून!

ऑगस्ट 2024 मध्ये अर्थ मंत्रालयाने जाहीर केलं की आपल्यासारख्यांना जॉइंट खातं उघडायला किंवा जोडीदाराला नॉमिनी लावायला कसलीही आडकाठी नाही. मी नुकतीच निवृत्त झाले होते. ठेवीचं नूतनीकरण करायला माझ्याच जुन्या ब्रँचमध्ये गेले. काउंटरवरचा मुलगा माझ्या हाताखाली शिकलेला. त्याने विचारलं, "मॅडम, नातं तेच ठेवू, मैत्रीण?" मी म्हटलं, "नको. जोडीदार." त्याने यादी वरपासून खालपर्यंत बघितली. आई, वडील, पती, पत्नी, मुलगा, मुलगी होते, हा शब्द नव्हता. मागे रांगेत एक आजोबा खोकत होते. मुलाने 'इतर' निवडलं, प्रिंट काढली आणि पेन माझ्याकडे सरकवत म्हणाला, "कागदावर तुम्हीच लिहा मॅडम. खाली मी सही करतो."