टोकियोच्या ‘सुकियाबाशी जिरो’मध्ये वीस सुशी अर्ध्या तासात संपतात म्हणे. एवढे पैसे मोजण्यासारखं आहे का, आणि जागा कशी मिळते?

अर्धा तास हे खरं आहे. पण ती घाई गिऱ्हाइकाला उठवण्यासाठी नाही, भातासाठी आहे.

गिन्झामधल्या एका इमारतीच्या तळघरात जेमतेम दहा खुर्च्यांचं हे दुकान. जिरो ओनो (जन्म 1925) यांनी ते 1965 साली सुरू केलं. उपाहारगृहांना तारे देणाऱ्या मिशलिन गाइडची पहिली टोकियो आवृत्ती 2007 मध्ये निघाली, त्यातच त्याला तीन, म्हणजे सर्वोच्च, तारे मिळाले. स्वच्छतागृह दुकानाच्या बाहेर असूनही, हे विशेष. थोरले चिरंजीव योशिकाझु अनेक वर्षं वडिलांच्या बरोबरीनं दुकान सांभाळत आलेत.

आता भाताचं. तो नेहमीपेक्षा जरा कमी पाण्यात शिजवतात. वाफ निघत असतानाच पसरट लाकडी भांड्यात काढून त्यावर व्हिनेगर-मिठाचं मिश्रण ओततात आणि भातवाढी उभी धरून, कापल्यासारखा, हलवतात. भात निवल्यावर ओतलं तर मिश्रण मुरत नाही, तळाशी साचतं आणि वरचा भात फिकाच राहतो. घोटलं तर शितं मोडून लगदा होतो. मग तो अंगाइतका कोमट ठेवायचा. जिरोमध्ये त्यासाठी पेंढ्याच्या वेष्टणातलं लाकडी भांडं वापरतात. वरचा मासा भातापेक्षा गार असतो, पण फ्रिजमधून आत्ता काढल्यासारखा नाही. हा दोघांतला फरक दोन-तीन मिनिटांत मिटतो. नोरीची, म्हणजे वाळवलेल्या समुद्री शेवाळाच्या कागदासारख्या पापुद्र्याची, गुंडाळी असेल तर ती त्याहून लवकर दमट होते आणि दाताला चिवट लागते. तव्यावरचा फुलका थेट ताटात पडण्यात जी गंमत आहे, तीच इथे; म्हणून एक खाल्ली की दुसरी लगेच.

पैसे कशाचे, तर बरेचसे तुम्ही बसण्याआधी झालेल्या कामाचे. ‘एदोमाए’ या टोकियोच्या जुन्या सुशी पद्धतीत ताजा मासा कापून भातावर ठेवला की झालं, असं नसतं. कोहादा हा छोटा चंदेरी मासा चिरून मिठात ठेवतात, धुतात, व्हिनेगरमध्ये बुडवतात आणि मुरू देतात. मीठ किती वेळ, हे माशाचा आकार आणि चरबी बघून रोज ठरतं. जास्त झालं तर मांस कोरडं, कमी झालं तर उग्र वास राहतो. अनागो ही वाम शिजवून मऊ करतात आणि तिच्यावर दाट गोडसर रस लावतात. ऑक्टोपस पाऊण तासाच्या आसपास चोळतात, नाहीतर तो रबरासारखा लागतो. कोळंबी आधी उकडून फ्रिजात ठेवत नाहीत, वाढायच्या थोडं आधीच उकडतात. ट्यूना साधारण याच क्रमानं येतो: लाल मांस, मग मध्यम चरबीचं, मग पोटाकडचं सर्वांत चरबीदार. उलट क्रमानं खाल्लं तर लाल मांसाची चव कळतच नाही.

समोर ठेवलेली सुशी लगेच तोंडात जाऊ द्या. हातानं खाल्लेली चालते, उलट तेच बरं. सोया सॉस मागू नका. सॉस आटवून केलेली ‘निकिरी’ वर ब्रशनं लावलेली असते आणि वासाबी (झणझणीत हिरवं वाटण) आत असतं. आलं दोन सुशींच्या मध्ये खायचं, वर ठेवून नाही. अत्तर, सेंट लावून जाऊ नका. उशीर तर नकोच: तुमच्या वेळेनुसार भात लावलेला असतो.

जागेचं खरं सांगायचं तर अवघड. नोव्हेंबर 2019 मध्ये मिशलिननं जिरोला गाइडमधून वगळलं. चव घसरली म्हणून नव्हे, तर सर्वसामान्यांना तिथे बुकिंगच करता येत नाही म्हणून. परदेशी माणसाला व्यवहार्य वाट एकच: मोठ्या हॉटेलात उतरायचं आणि तिथल्या कन्सिएर्जला (पाहुण्यांची बुकिंगं करून देणाऱ्या कर्मचाऱ्याला) काही आठवडे आधी कामाला लावायचं. तरी खात्री नाही. धाकटे चिरंजीव ताकाशी यांची रोप्पोंगी हिल्सची शाखा तुलनेनं सोपी. (वडील डावखुरे, हे उजवे; म्हणून तिथली मांडणी गिन्झाची आरशातली प्रतिमा आहे.)

दर 2010 च्या दशकाच्या सुरुवातीलाच माणशी 30,000 येनच्या घरात होता, आता त्याहून बराच वर आहे. पहिल्यांदाच सुशी काउंटरवर बसणार असाल तर माझ्या मते जिरो नको. कोहादा कधी चाखलाच नसेल तर चांगला आणि उत्तम यातला फरक कशाशी ताडून बघणार? टोकियोत एदोमाए पद्धतीची भरपूर चांगली दुकानं आहेत आणि त्यांतल्या अनेकांचं दुपारचं जेवण रात्रीच्या निम्म्या दरात मिळतं. ‘ओमाकासे’ किंवा ‘टेबलचेक’ या संकेतस्थळांवर बुकिंग होतं. रद्द केल्यास किती पैसे कापतात ते आधी वाचा. आयत्या वेळी पूर्ण रक्कम जाऊ शकते.

बरोबर शाकाहारी कुणी असेल तर त्यांना काउंटरवर बसवू नका. ‘अंडं चालतं’ म्हणून सुटका नाही: शेवटी येणाऱ्या केकसारख्या तामागोतही (अंड्याच्या वडीतही) बहुतेकदा कोळंबीचं किंवा माशाचं वाटण असतं. शिंपल्या-कोळंबीची ॲलर्जी असेल तर बुकिंग करतानाच कळवा, बसल्यावर नाही.

आणि परत आल्यावर बाजारातल्या बांगड्यावर हे प्रयोग करू नका. अनिसाकिस हा परजीवी व्हिनेगरनं, मिठानं किंवा वासाबीनं मरत नाही. जपानी आरोग्य खातं उणे 20 अंशांवर 24 तास गोठवायला सांगतं, आणि ते माशाच्या गाभ्यापर्यंत. घरच्या फ्रीजरचं तापमान तेवढं खाली जातंच असं नाही.