इंग्लंडमधली बरो कौन्सिल: आयुक्त नसलेली महापालिका

तुम्ही विचारलंय: 'नवऱ्याच्या नोकरीमुळे पुण्याहून मँचेस्टरजवळच्या स्टॉकपोर्टला आलो. दर महिन्याला कौन्सिल टॅक्स जातो. ही मेट्रोपॉलिटन बरो कौन्सिल म्हणजे आपली महापालिकाच ना? मग इथला आयुक्त कोण, आणि एवढे पैसे जातात कुठे? आमच्याकडून तर फक्त कचरा नेतात.'

मी याच भागात अकरा वर्षं राहतेय. पहिली दोन वर्षं माझ्याही मनात हेच होतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

इथे आयुक्त नाही, आणि खरा फरक तिथेच आहे. आपल्याकडे महापालिकेची कार्यकारी सत्ता कायद्यानेच आयुक्तांकडे असते आणि त्यांना राज्य सरकार पाठवतं. म्हणून तर मार्च २०२२ नंतर मुंबईत तीन वर्षांहून जास्त काळ एकही नगरसेवक नव्हता, तरी प्रशासक कारभार हाकू शकले. इथे ती सत्ता निवडून आलेल्या नगरसेवकांकडे आहे. स्टॉकपोर्टमध्ये २१ वॉर्ड आणि प्रत्येकी ३ असे ६३ नगरसेवक आहेत. ते सगळे मिळून आपल्यातला एक नेता निवडतात आणि नेता आपलं मंत्रिमंडळ नेमतो. त्याला कॅबिनेटच म्हणतात आणि नेत्यासकट त्यात जास्तीत जास्त १० जण असतात. एकाकडे मुलं आणि शिक्षण, एकाकडे रस्ते, एकाकडे पैसा. खातं ज्याचं, जबाबदारी त्याची.

चीफ एक्झिक्युटिव्ह नावाचा अधिकारी असतो, पण तो सरकारकडून बदलीवर आलेला नसतो. जाहिरात देऊन, मुलाखत घेऊन कौन्सिल त्याला स्वतः नेमते. आणि गळ्यात सोन्याची साखळी घालून समारंभांना येतो तो मेयर? तो वर्षभरापुरता निवडतात. सभेचं अध्यक्षपद सांभाळतो, मतं समसमान पडली तर निर्णायक मत देतो, बाकी मान फक्त. मात्र हे सगळीकडे सारखं नाही. डॉनकास्टरमध्ये २००२ पासून लोक थेट मेयर निवडतात आणि तिथे कारभार त्याच्याच हाती असतो. शेफिल्डच्या लोकांनी तर २०२१ मध्ये सार्वमत घेऊन नेता-कॅबिनेट पद्धतच मोडीत काढली. आता तिथे समित्या निर्णय घेतात.

कॅबिनेटबाहेरचे नगरसेवक काय करतात, असं तुम्ही विचाराल. ते छाननी समित्यांवर बसतात. कॅबिनेटचा निर्णय पटला नाही तर अमलात येण्याआधी तो फेरविचारासाठी मागवू शकतात. मला मात्र सगळ्यात जवळची वाटते ती क्षेत्र समिती. शेजारशेजारच्या वॉर्डांचे नगरसेवक संध्याकाळी एकत्र बसतात. गल्लीतली पिवळी रेघ, पार्किंग, बांधकाम परवानगीचे अर्ज असे विषय असतात. कुणीही जाऊन बसावं, प्रश्न विचारावा. मी पहिल्यांदा गेले तेव्हा एका पदपथाच्या उतारावर पाऊण तास चर्चा चालली होती. व्हीलचेअर वापरणारा एक तरुण समोर बसून आपली रोजची वाट कशी जाते ते समजावून सांगत होता आणि नगरसेवक लिहून घेत होते. त्या संध्याकाळनंतर हे गाव मला माझं वाटायला लागलं.

आता पैसे. तुमच्या बिलावर घराचा ए ते एच यांपैकी एक बँड लिहिलेला असेल. तो घराच्या १ एप्रिल १९९१ च्या किमतीवरून ठरतो. घर परवा बांधलेलं असलं तरी १९९१ मध्ये ते केवढ्याला गेलं असतं याचा अंदाज काढतात! एचवाल्याला डीच्या दुप्पट कर, एवाल्याला दोन तृतीयांश. मला ही पद्धत अन्यायाची वाटते. तेव्हापासून इंग्लंडमध्ये फेरमूल्यांकनच झालेलं नाही. घरात प्रौढ माणूस एकच असेल तर २५ टक्के सूट मिळते, सगळेच पूर्णवेळ विद्यार्थी असतील तर कर माफ. त्याच बिलात ग्रेटर मँचेस्टरच्या थेट निवडलेल्या मेयरसाठी दोन वेगळ्या ओळी असतात, एक पोलिसांची आणि दुसरी अग्निशमन वगैरेची.

या वेगळ्या ओळी का, त्याचा इतिहास थोडक्यात असा. १९७४ मध्ये सहा महानगरी काउंटी आणि त्यांच्या पोटात ३६ बरो झाले. १९८६ मध्ये थॅचर सरकारने वरच्या सहा काउंटी कौन्सिलच बरखास्त केल्या आणि त्यांची बरीच कामं बरोंकडे आली. २०११ मध्ये ग्रेटर मँचेस्टरच्या दहा बरोंनी मिळून संयुक्त प्राधिकरण उभं केलं. बिलातला तो थेट निवडलेला मेयर याच प्राधिकरणाचा प्रमुख. पिवळ्या बस त्यांच्याच. तुमच्या काळ्या डब्यातला कचरा स्टॉकपोर्टची माणसं उचलतात, पण त्याची विल्हेवाट लावायचं काम या प्राधिकरणाचं. पाणी मात्र यांपैकी कुणाकडेच नाही. ते खासगी कंपनी देते, त्याचं बिल वेगळं.

'फक्त कचरा नेतात' हे तुमचं वाक्य मला लागलं. शाळांसाठी सरकारकडून येणारा पैसा बाजूला ठेवला, तर अशा कौन्सिलच्या खर्चाचा निम्म्याहून मोठा वाटा म्हातारी माणसं, अपंग माणसं आणि संकटातली मुलं यांच्यावर जातो. आमच्या शेजारच्या आजींकडे दिवसातून चारदा मदतनीस येते. अंघोळ, औषधं, जेवण, रात्री अंथरुणाला पाठ टेकवणं, सगळं ती करते. ती खासगी संस्थेची नोकर, पण तिला पाठवते कौन्सिल. आजींच्या गरजा काय आहेत हे घरी येऊन तपासलं ते कौन्सिलच्या सोशल वर्करने. ही तपासणी कुणालाही फुकट मिळते. खर्चाचं मात्र तसं नाही. २३,२५० पौंडांच्या वर मालमत्ता असेल तर तो स्वतः करायचा, आणि हा आकडा २०१० पासून हललेला नाही.

आणि मुलं. ज्या मुलांना आईवडिलांकडे ठेवणं धोक्याचं असतं ती कौन्सिलच्या ताब्यात येतात. मग सगळे नगरसेवक, पक्ष कुठलाही असो, त्या मुलांचे सामुदायिक पालक मानले जातात. त्यांची शाळा, दात, वाढदिवस, पुढची नोकरी, सगळ्याची काळजी. अठरा पूर्ण झाल्यावरही पंचविसाव्या वर्षापर्यंत काही ना काही आधार द्यावाच लागतो. हे काम दिसत नाही, कारण ते दिसू नये अशीच त्याची रचना आहे. पण ग्रंथालयाची वेळ कमी झाली, रस्त्यातला खड्डा महिनाभर तसाच राहिला, तर पैसा बहुधा इथे गेलेला असतो. ही कामं कायद्याने टाळता येत नाहीत, ग्रंथालयाचे तास टाळता येतात.

कौन्सिलला रोजच्या खर्चासाठी कर्ज काढायला परवानगी नाही. दरवर्षी ११ मार्चच्या आत अंदाजपत्रक जुळवावंच लागतं. ते जुळत नसेल तर मुख्य वित्त अधिकाऱ्याला कलम ११४ ची नोटीस काढावी लागते, म्हणजे अत्यावश्यक सोडून नवा खर्च थांबतो. बर्मिंगहॅममध्ये सप्टेंबर २०२३ मध्ये तेच झालं. स्त्रियांना समान वेतन न दिल्याचे जुने दावे आणि बिघडलेली संगणक यंत्रणा ही त्यातली मोठी कारणं. सरकारने देखरेखीला कमिशनर पाठवले, पुढच्या एप्रिलमध्ये कर जवळजवळ १० टक्क्यांनी वाढला. पण तेव्हाही नगरसेवक घरी गेले नाहीत.

तक्रार असेल तर आधी कौन्सिलकडेच लेखी करा. उत्तराने समाधान झालं नाही तर ऑम्बुड्समनकडे, म्हणजे अशा तक्रारी तपासणाऱ्या स्वतंत्र अधिकाऱ्याकडे, जाता येतं, फुकट, बारा महिन्यांच्या आत. पण त्याआधी आपल्या नगरसेवकाला भेटून पाहा. ठरलेल्या दिवशी ग्रंथालयात किंवा चर्चच्या हॉलमध्ये बसून ते लोकांना भेटतात. त्याला इथे 'सर्जरी' म्हणतात, दचकू नका.

आणि तुम्हाला कदाचित कुणी सांगितलं नसेल: भारतीय पासपोर्टवर, व्हिसावर असतानाही तुम्हा दोघांना इथे मत देता येतं, कारण भारत राष्ट्रकुलात आहे. तीन जागांपैकी एक दर मे महिन्यात निवडतात, चौथं वर्ष रिकामं. २०२५ तसंच होतं. नाव ऑनलाइन नोंदवा, नॅशनल इन्शुरन्स नंबर हाताशी ठेवा. मतदान गुरुवारी, सकाळी ७ ते रात्री १०. ओळख म्हणून तुमचा निळा पासपोर्ट चालतो.