प्रॅक्टिकलला उत्तर चुकलं तर मार्क कापावेत का?

तुम्ही नव्याने शिकवायला लागलेले दिसता. विचारलंय की अकरावी-बारावीच्या फिजिक्स प्रॅक्टिकलला मार्क देताना उत्तर बरोबर येण्याला किती धरावं आणि जर्नलला किती. उत्तराला जवळजवळ काही नको. यावरून मी एकदा कडाकडा भांडलेय, म्हणून लिहायला बसले.

अकरावीची वार्षिक प्रॅक्टिकल, साधा लंबक. एका मुलीची 'जी'ची, म्हणजे गुरुत्व त्वरणाची, किंमत आली 1085; यायला हवी 980च्या आसपास (सेंमी प्रति सेकंद वर्ग). लांबी 100 सेंमी, वीस आंदोलनांना 38.1 सेकंद, जिथे चाळीस व्हायला हवेत. बाकीच्या लांब्यांनाही तसंच. शेजारच्या टेबलावरच्या मुलाचं दहा मिनिटांत बरोबर 980. स्टॉपवॉच काट्याचं, त्यावर दशांशापुढे वाचताच येत नाही, आणि याच्या कागदावर 40.13! लंबक टांगायच्या बुचातला दोरा तर आधीच्या मुलाने सोडला तिथेच होता, म्हणजे याने लांबी बदललीच नव्हती.

विभागप्रमुख सरांनी त्याला पैकीच्या पैकी दिले. हिला निम्मे, 'स्टँडर्ड व्हॅल्यू आली नाही' म्हणून.

मी तिला म्हटलं, माझ्यासमोर एकदा मोज. गोळा टोकाला आला, तिने बटण दाबलं आणि त्याच क्षणी म्हणाली, "एक." संपलं. वीस म्हणेपर्यंत गोळ्याची एकोणीसच आंदोलनं झालेली. प्रत्येक रीडिंगला तीच चूक, त्यामुळे लांबी आणि टी स्क्वेअरचा (एका आंदोलनाच्या वेळेच्या वर्गाचा) आलेखही नाकासमोर सरळ, शून्यातूनच जाणारा. आलेख बघून कुणाला कळलं नसतं. चूक सापडली ती खरी रीडिंग्ज होती म्हणून. त्या मुलाच्या कागदात शोधायला होतं काय? सरांनी ऐकलं नाही. मार्क तेच राहिले.

तेव्हा एक रीडिंग समोर घ्यायला लावा, मोजणी शून्यापासून करतात का ते बघा, आणि निम्म्याहून जास्त मार्क तिथेच द्या. जर्नलचे मार्क म्हणजे हस्ताक्षराचे आणि मागच्या वर्षीच्या ताईच्या जर्नलचे.

आता हेही खरं, की वीस-बावीस मुलांच्या बॅचला प्रत्येकापाशी उभं राहणं होत नाही; मलाही दर वर्षी जमलं नाही. बारावीला बोर्डाचे 30 मार्क असतात, एक्स्टर्नल असतात, तिथे ठरलेलं मार्किंगच पाळा, माझं ऐकून अडचणीत येऊ नका. आणि कुणाचं उत्तर 98 आलं नि त्याला काहीच खटकलं नाही, तर खुशाल कापा.

सर हे वाचत असतील तर त्यांनी एक कागद घ्यावा. 980 ला विसाच्या वर्गाने गुणावं, एकोणिसाच्या वर्गाने भागावं आणि तिच्या उत्तराशेजारी ठेवून बघावं.